किंचित परतीचा प्रवाह

२ फेब्रुवारी, सोमवार

कालच्या नोंदीत एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की माझा डायोड तांदळाच्या दाण्याएवढा आहे. आज ऑफिसात व्हर्नियरने मोजला. तांदळाचा दाणा त्याच्यापुढे अगडबंब. तीळही मोठा. मोहरीच्या जवळपास म्हणता येईल, पण मोहरी गोल आणि हा चौकोनी, तेव्हा तेही पूर्ण बरोबर नाही. "चेपून चौकोनी केलेली मोहरी" असं वाचावं. ही रोजनिशी दुसरं कुणी वाचणार नाही, पण म्हणून काहीही लिहून ठेवायचं असं नाही.

बाकी कालचं सगळं बरोबर आहे. म्हणजे: कंपनीचं खिशातलं श्रवणयंत्र तयार झालं. डबी खिशात, वायर कानात. आत चार्जिंगच्या वाटेवर जो शॉटकी डायोड आहे तो मी निवडला. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. चार्जरमधली वीज बॅटरीत जाते, परत बाहेर येत नाही. साधा डायोड दारात उभा राहून बरंच व्होल्टेज खातो. शॉटकी कमी खातो. माझा तर जवळजवळ उपाशीच. मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, हा कुणी शोधला, आणि तेव्हापासून ते मला एफिशियन्सीबाई म्हणतात. मला ते आवडत नाही असं मी दाखवते.

आज त्यांनी एक नमुना घरी न्यायला दिला. घरात कुणाला कमी ऐकू येतं का, विचारलं. बाबांना येतं. बाबा बेकरीत भट्टीवर असतात.

बाबांनी डबी पक्ष्याचं पिल्लू धरावं तशी धरली. विचारलं, यातलं तुझं कुठलं? मी म्हटलं, आत आहे, दिसणार नाही इतकं बारीक. ते म्हणाले, मग तेच मुख्य असणार.

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. त्यामुळे बाबांना माझं सगळंच मुख्य वाटतं.

संकल्प: महिनाभर काटेकोर ट्रायल रिपोर्ट लिहायचा.

४ फेब्रुवारी, बुधवार

ट्रायल उत्तम चालली आहे. एक किरकोळ गोष्ट घडली.

सकाळी डबी पूर्ण चार्ज करून दिली होती. बेकरीत बाबा ती बंद ठेवतात, कारण भट्टीचा पंखा कानात घोंघावतो. बंद करून ॲप्रनच्या खिशात, घरी आल्यावर चालू. आज घरी येऊन चालू केली तर ढिम्म. बॅटरी रिकामी.

आई म्हणाली, बंद करायला विसरला असाल. बाबा म्हणाले, केली होती. आई म्हणाली, काय केली होती, परवा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत होतात. डबी मेलेली असल्यामुळे हे तिला तीनदा ओरडून सांगावं लागलं. शेजारच्यांनाही कळलं असावं. शेवटी बाबा म्हणाले, असेल बुवा.

रिपोर्टमध्ये लिहिलं: "वापरकर्ता यंत्र बंद करायला विसरतो." एका दिवसावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे, म्हणून नंतर "कधीकधी" घातलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

"कधीकधी" काढलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

बाबांनी काल बेकरीत पीठ मळणाऱ्याला साक्षीला बोलावून डबी बंद केली. त्याने लाल दिवा विझलेला पाहिला. संध्याकाळी डबी रिकामी.

बाबांनी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, आता त्याची सही घेऊन येत जा. मग म्हणाली, बंद केली असेल, मग पुन्हा चालू केली असेल, आणि ते विसरला असाल. बाबांनी यावर बराच वेळ विचार केला. म्हणाले, हो, तसंही होऊ शकतं.

नमुन्यात दोष असू शकतो. एखादा नमुना वाईट निघतोच. सोमवारी डबी बदलून आणायची.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काल डबी बदलली. नवी डबी. आज संध्याकाळी रिकामी.

आई म्हणाली, आता कानाबरोबर डोकंही चार्जिंगला लावा. बाबा हसले. नंतर जरा वेळ उशाशी बसून डबीचं बटण चालू-बंद, चालू-बंद करत होते. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, हाताला सवय लावतोय.

११ फेब्रुवारी, बुधवार

डायोडची डेटाशीट पुन्हा वाचली. शंका आली म्हणून नाही, उजळणी म्हणून.

पहिल्या पानावर त्याचे गुण आहेत. ते मला पाठ आहेत. चौथ्या पानावर एक आलेख आहे. तो मी निवड करतानाही पाहिला होता, हे इथे स्पष्टपणे नोंदवते. शॉटकीचं दार हलकं असतं, म्हणून सहज उघडतं. हलकं असतं म्हणूनच गरम झालं की घट्ट मिटत नाही. मग बॅटरीतली वीज उलट्या दिशेने झिरपते, यंत्र बंद असलं तरी. जितका जास्त उपाशी शॉटकी, तितकं जास्त झिरपणं. आलेखात ती रेघ वर वर जाते. पण तो आलेख लॉग स्केलवर आहे, म्हणजे दर चौकटीला आकडा दहापट होतो, आणि लॉग स्केलवर सगळंच सौम्य दिसतं.

आमच्या सगळ्या चाचण्या लॅबमध्ये झाल्या. लॅबमध्ये एसी असतो. सोल्डरिंगवाल्या ताई स्वेटर घालून बसतात. तिथे दार घट्ट मिटतं.

बाबांच्या ॲप्रनचा खिसा भट्टीपासून हातभर अंतरावर असतो.

याला दोष म्हणणं घाईचं ठरेल. मी त्याला "तापमानानुसार किंचित परतीचा प्रवाह" असं नाव दिलं आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लॅबमध्ये भट्टी नाही, म्हणून चहाच्या थर्मासला डबीतला सर्किट बोर्ड बांधला आणि मीटर लावला. मीटरवरचा आकडा किंचित नव्हता.

मीटरवर अविश्वास दाखवणं माझं कर्तव्य आहे. त्याच्यावरच्या स्टिकरप्रमाणे त्याची तपासणी व्हायला अजून दोन महिने होते, पण जबाबदार माणूस वाट बघत नाही. मीटर आजच तपासणीला पाठवला. तो परत येईपर्यंत साहेबांना काही सांगणं बेजबाबदारपणाचं होईल.

परचेसवाले काका पार्सल बांधताना म्हणाले, बरा दिसतोय की मीटर, त्याला कशाला दवाखान्यात धाडतेस? मी म्हटलं, खात्री असलेली बरी. ते म्हणाले, तू लग्नातसुद्धा नवऱ्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागशील.

काल आणि आज बाबांना डबी दिली नाही. ट्रायलमध्ये खंड. कारण: सुट्टी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांनी डबी मागितली. आई म्हणते, डबीने चार दिवस त्रास दिला तरी माझ्याशी बोलायला यांना तीच लागते. डबी दिली. संध्याकाळी रिकामी. बाबांनी कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं: विसरलो.

१५ फेब्रुवारी, रविवार

या महिनाअखेर मला कायम करणार आहेत. याचा या विषयाशी काही संबंध नाही. नोंद फक्त पूर्णतेसाठी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मीटर न येताही साहेबांच्या कानावर घालायचं ठरवलं. तत्त्व म्हणून.

सकाळी गेले तर साहेब चिडलेले होते. चिडलेल्या माणसाला तांत्रिक गोष्ट नीट समजत नाही. दुपारी गेले तर ते खुशीत होते, पहिली ऑर्डर वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका संस्थेकडून पक्की झाली होती. म्हणाले, या एफिशियन्सीबाई, तुमच्या डायोडमुळे झालं हे. अशा वेळी विषय काढणं बरं दिसलं नसतं. संध्याकाळी ते ना चिडलेले होते ना खुशीत. पण तेव्हा ते फोनवर होते.

त्याऐवजी मेल लिहायला घेतला. विषय: "एक छोटीशी शंका". मग "छोटीशी" काढलं. मग "शंका"च्या जागी "निरीक्षण" केलं. मग "छोटंसं" परत घातलं. मजकूर उद्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांना भट्टीवरून काढलं.

कामावरून काढलेलं नाही. हे नीट लिहायला हवं. भट्टीवरून काढून मागच्या खोलीत पॅकिंगला बसवलं.

झालं ते असं. आई ब्रेड आणायला गेली होती. मालकाने सहज विचारलं, यंत्राचं कसं काय? आई हसत हसत म्हणाली, यंत्र चांगलं आहे हो, मुलीनं बनवलंय, हेच बंद करायला विसरतात रोज. मालक हसला नाही. म्हणाला, वहिनी, डबी बंद करायला विसरला तर बॅटरी जाते. गॅस बंद करायला विसरला तर बेकरी जाईल.

आईने घरी येऊन ब्रेडची पिशवी ओट्यावर टाकली. म्हणाली, माझी जीभ झडो. बाबा म्हणाले, अगं, खरं तेच सांगितलंस.

भट्टीवर आता पीठ मळणारा आहे. बाबांनी त्याला दुपारभर सगळं दाखवलं: पाव कुठे लवकर करपतो, दाराचं कडं कोणत्या कपड्याने धरायचं. आधी ॲप्रन द्यायचा राहिला म्हणून परत जाऊन देऊन आले. म्हणाले, बघ, हेही विसरलो होतो.

मी जेवले. भूक होती.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पॅकिंगच्या खोलीत पंखा आहे. खोली गार आहे. बाबांची डबी काल संध्याकाळी घरी आली तेव्हा भरलेली. आजही भरलेली.

आई म्हणाली, बघा, डोक्याचा ताण गेला तशी आठवण सुधारली. मालकही म्हणाला म्हणे की निर्णय योग्य होता. बाबा म्हणाले, मलाही हलकं वाटतंय.

म्हणजे ट्रायल यशस्वी. रिपोर्टमध्ये लिहिलं: "वापरकर्त्याची सवय सुधारल्यावर यंत्र समाधानकारक चालते."

हे वाक्य मी दोनदा तपासलं. व्याकरण बरोबर आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मीटर परत आला. काही दोष नाही. सर्टिफिकेटही आहे.

परचेसवाले काका म्हणाले, घे तुझा पेशंट, ठणठणीत आहे. मी सहज विचारलं, समजा उद्या कुणाला दुसरा डायोड लावावासा वाटला, तर? ते म्हणाले, आधीच्या मॉडेलचा रीळच्या रीळ माझ्या कपाटात पडलाय, माप तेच, त्याच जागी बसतो. थोडं जास्त व्होल्टेज खातो, पण गरीब जात आहे, कुठे गळत नाही. बोर्ड भरायला घेण्याआधी नुसतं तोंडाने सांग, मी बदलून देतो. मग त्यांनी विचारलं, का गं, काही आहे का?

मी म्हटलं, नाही, माहिती असावी म्हणून.

बोर्ड शुक्रवारी, सत्तावीसला भरायला घेणार, म्हणजे डायोड त्यांवर कायमचे बसणार. आठवडा आहे. आठवडा पुष्कळ असतो. सोमवारी सांगणार.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज साहेबांच्या घशाला त्रास होता. त्यांना बोलावं लागू नये म्हणून मी काही विचारलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मोठी मीटिंग. साहेबांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, बोर्ड भरायला घेण्याआधी कुणाला काही म्हणायचंय?

मी हात वर केला. हे महत्त्वाचं आहे. हात मी वर केला होता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, बोला एफिशियन्सीबाई. तोंड उघडलं आणि मी म्हणाले की बंद करायच्या बटणाजवळ ठळक अक्षरांत सूचना असावी, कारण माझ्या ट्रायलमध्ये वापरकर्ता विसरत होता.

साहेब म्हणाले, याला म्हणतात ट्रायल. वृद्धाश्रमात तर सगळेच विसरणारे. लगेच सांगितलं, लाल स्टिकर छापा, "वापरानंतर बंद करायला विसरू नका". प्रत्येक डबीवर लावा.

परचेसवाल्या काकांनी माझ्याकडे बघितलं. मग स्टिकरची ऑर्डर द्यायला उठले.

सकारात्मक बाजू: सगळ्यांसमोर बोलायची भीती गेली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

वृद्धाश्रमांत गरम होत नसावं. होत असलं तर पंखे असतील. खिडकीजवळची खाट असेल, उन्हातली, तर ती दुपारी हलवत असतील. चौकशी करायला हवी. कुणाकडे, ते ठरवायचं आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बोर्ड भरायला घेतले. पिक-अँड-प्लेस मशीनचं तोंड रिळावरून एकेक डायोड उचलतं आणि ठेवतं, उचलतं आणि ठेवतं. एकही वाकडा बसला नाही. बघत राहावंसं वाटत होतं. सोल्डरिंगवाल्या ताई म्हणाल्या, तुझीच पोरं नं गं ही, केवढीशी आहेत, शिंकलं तर उडतील. मी म्हटलं, हो.

दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मला कायम केलं आहे. मी थँक्यू म्हटलं. ते म्हणाले, जरा हसा तरी. मी हसले.

घरी सांगितलं. आई रडली. बाबांनी पहिल्या हाकेतच ऐकलं. डबी भरलेली होती. म्हणाले, आमच्यात ऑफिसात कायम झालेलं कुणी नाही. मग म्हणाले, कायम म्हणजे आता तुला कुणी एका जागेवरून उठवून दुसरीकडे बसवू शकत नाही ना?

मी म्हटलं, तसंच काहीसं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

डब्या सोमवारी वृद्धाश्रमांत जाणार. साहेब स्वतः घेऊन जातील आणि बुधवारपर्यंत तिकडेच असतील.

एक लाल स्टिकर मी घरी आणला होता. बाबांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. म्हणाले, बरोबर आहे, माझ्यासारखे पुष्कळ असतील. मला दे, डबीला लावतो. स्वतः नीट सरळ लावला.

आईने डॉक्टरांची वेळ घेतली आहे, स्मरणशक्तीच्या तपासणीची. बुधवार, चार तारीख. मालक म्हणाला आहे की डॉक्टरांनी चांगलं सांगितलं तर भट्टीचा विचार करू. पीठ मळणाऱ्याने परवा एक अख्खा घाणा करपवला, त्यामुळे तोही विनवण्या करतोय म्हणे.

आज संध्याकाळी बाबांची तयारी करून घेतली. डॉक्टर काय काय विचारतात ते मी नेटवर बघून ठेवलं होतं. आज वार कोणता? बरोबर. महिना? बरोबर. शंभरातून सात वजा करत जा. त्यांनी पाव मोजायच्या सवयीने आधी डझनात सांगितले, मग सुटे. सगळे बरोबर. पाच शब्द सांगते, थोड्या वेळाने विचारीन. चमचा, घोडा, छत्री, गुलाब, किल्ली. बाबांनी डोळे मिटून पुटपुटत घोकले. आई मधेच म्हणाली, मलाही विचार. तिला घोडा आठवला नाही. बाबांनी हळूच खुणेने टापा करून दाखवल्या, तरीही नाही.

त्यांना पाचही आठवले.

मी शाबास म्हटलं. त्यांनी विचारलं, खरंच का गं? की बाप म्हणून? मी म्हटलं, खरंच, एकही चूक नाही. ते म्हणाले, मग डबीच तेवढी कशी विसरत होतो?

आई म्हणाली, जाऊ द्या, आता नाही ना विसरत.

बाबा माझ्याकडे बघत होते, उत्तर मला माहीत असणार अशा नजरेने. शाळेत गेलेली मीच आहे. मी म्हटलं, पुन्हा एकदा म्हणा, चमचापासून.

बुधवारी मी रजा टाकली आहे. दवाखान्यात बाबांबरोबर मी जाणार. डॉक्टरांचं काय ते एकदा कळू दे. त्यांनी स्मरणशक्ती चांगली आहे असं लिहून दिलं, तर मीटर, आलेख आणि डॉक्टर, तीनही बाजूंनी पुरावा पक्का होईल आणि कुणाला शंका घ्यायला जागा राहणार नाही. तोवर साहेबही परत आलेले असतील. मग एकाच दिवशी सकाळी साहेबांना आणि संध्याकाळी बाबांना सांगता येईल. वाक्य तयार आहे: डबी बंदच होती, तुम्ही विसरला नव्हता. साहेबांसाठी "तुम्ही"च्या जागी "ते".

वार आणि तारीख ताडून पाहिली आहे. गुरुवार, ५ मार्च.